एप्रिलमधला बर्फ

मुंबईतल्या शाळांचं वेळापत्रक आणि काश्मीरचा बर्फ यांचं कधीच जमलेलं नाही. तिकडं चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात आणि जानेवारीअखेर संपतात. मागोमाग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. फेब्रुवारीत गुलमर्ग बर्फानं भरून जातं, तेव्हा लालबाग-परळच्या घराघरांत दहावीची उजळणी चाललेली असते. वार्षिक परीक्षा उरकतात एप्रिलमध्ये. पोरं मोकळी होतात, बाबांची रजा मंजूर होते आणि आमच्या गटांची विमानं श्रीनगरला उतरायला लागतात. तोवर बर्फानं परतीची तयारी केलेली असते. टूर मॅनेजर म्हणून मी आयुष्यात जो बर्फ पाहिला, तो बहुतेक सगळा हा असा, निघायच्या बेतात असलेला.

मी राहणारी लालबागची. आमच्याकडं एप्रिल म्हणजे मसाल्याचे दिवस. मिरची गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आई डंकावर नंबर लावून बसलेली असते, चाळीत प्रत्येक जण शिंकत असतो, आणि नेमकी तेव्हाच मी घरात नसते. दादरच्या ऑफिसातून कागद घ्यायचे, पाहुण्यांच्या याद्या तपासायच्या आणि निघायचं. सोबत स्वयंपाकी महाराज, पीठ, डाळी, गोडा मसाला. मराठी माणसाला गटानं फिरवून आणायचा धंदा दादर-माहीम-गिरगावच्या पट्ट्यात वाढला, त्याचं अर्धं श्रेय मी या महाराजांना देते. डल सरोवरासमोर बसून वरण-भात मिळणार, या भरवशावर किती तरी आज्या पहिल्यांदा विमानात बसल्या आहेत.

सहल निघायच्या आधी फोनवर हमखास येणारा प्रश्न एकच: ‘‘बर्फ मिळेल ना?’’ जणू काही तो महाराजांबरोबर पॅक होऊन येणार आहे! मी उत्तर उंचीवरून देते. गुलमर्गचं पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे. एप्रिलच्या मध्याला तिथं गवत डोकं काढतं, कडेकडेला मळकट ढिगारे उरतात. गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, सुमारे ३,१०० मीटरवर. तिथं बर्फ असतो, पण दिवसाच्या वेळेप्रमाणे त्याची तब्येत बदलते. दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत चढतो आणि तिथं अजून भर हिवाळा असतो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. त्याआधी एप्रिलच्या पर्यटकानं बर्फ बघायचा तर घोडा करायचा किंवा पायपीट. आता पठारावरचा बर्फ सरला की स्नो-स्कूटरवालेही आपली यंत्रं घेऊन बर्फाच्या मागं मागं कोंगडोरीला सरकतात. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत स्नो-स्कूटरची फेरी ‘ऐच्छिक, स्वखर्चाने’ या सदरात असते. सहलीहून आल्यावर चाळीत जास्त सांगितली जाते ती मात्र तीच.

या यंत्राबद्दल आमच्या पुरुष मंडळींचा एक ठाम गैरसमज असतो: ही बिनचाकांची मोटारसायकल आहे. परळचे एक काका आठवतात. ‘‘ताई, पंचवीस वर्षं बुलेट चालवतोय. ह्याला मागं बसवा, हँडल माझ्याकडं द्या.’’ मी नाही म्हटलं, काका रुसले. पण कारण सांगितल्याशिवाय नाही म्हणणं मला पटत नाही, म्हणून त्यांना उभ्या असलेल्या यंत्राजवळ नेलं. पुढं दोन स्की, मागं रुंद रबरी पट्टा आणि त्याला उंच दाते. गिअर नाही. दोन पुल्यांवरून बेल्ट फिरतो आणि वेगाप्रमाणे पुल्यांचा व्यास आपोआप कमीजास्त होतो. ॲक्टिव्हा चालवणाऱ्या त्यांच्या सूनबाईंना हे त्यांच्याआधी कळलं. ॲक्सिलरेटर पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं कळ दाबायची असते. इथंच बुलेटवाल्याचा घात होतो. घाबरला की तो मूठ आवळतो, मुठीबरोबर अंगठा दाबला जातो, आणि थांबवायची म्हणून धरलेली गाडी पुढं झेपावते. दुसरी सवय त्याहून वाईट. तोल जायला लागला की मोटारसायकलवाला पाय खाली टेकवतो. इथं दोनशे किलोंहून जड यंत्र आहे आणि फिरता पट्टा आहे, पाय बाहेर काढायचा नाही म्हणजे नाही. चालकाच्या जॅकेटला एक दोरी अडकवलेली असते, तो पडला की दोरी सुटून इंजिन बंद पडतं. ती अडकवली आहे का, हे मी प्रत्येक फेरीआधी स्वतः बघते. चालकांना याचा रागही येतो. येऊ दे.

काका शेवटी मागं बसले. उतरल्यावर म्हणाले, ‘‘कंबर गेली.’’ तेही खरंच होतं. दिवसभराच्या फेऱ्यांनी वाटेवर उंचवटे पडतात, रात्री ते गोठतात आणि सकाळी दगडासारखे टणक होतात. मणक्याचं दुखणं असलेल्यांना आणि गरोदर बाईला मी बसू देत नाही, मग पाहुणे माझ्याबद्दल अभिप्रायाच्या फॉर्मवर काही का लिहिनात.

हे यंत्र मौजेसाठी जन्मलेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथला मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग करत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले, इस्पितळ गाठता आलं नाही, मूल गेलं. पुढं १९३७ मध्ये त्यानं आपल्या पट्ट्याच्या यंत्रणेचं पेटंट मिळवलं. त्या पहिल्या गाड्या बंदिस्त, अनेक माणसं बसतील अशा होत्या आणि डॉक्टर, टपालवाले, पाद्री त्या वापरत. एकदोघांची हलकी ‘स्की-डू’ आली ती १९५९ मध्ये. परळमध्ये वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी लागते. आमच्याकडं केईएम, वाडिया, टाटा ही इस्पितळं हाकेच्या अंतरावर. रात्री पोर तापलं तर उचलून चालत नेता येतं. इस्पितळ आहे, पण मधल्या बर्फामुळं पोचता येत नाही, हे आम्हाला सुचणारच नाही. सियाचीनवर आपलं लष्कर स्नो-स्कूटर वापरतं ते सामान आणि माणसं हलवायला. मौजेची फेरी हा या यंत्राचा जोडधंदा.

उतरत्या हंगामात या यंत्राचं गणित घड्याळावर चालतं. दिवसा बर्फ वितळतो, रात्री पाणी गोठतं, त्यामुळं सकाळी वर कडक पापुद्रा असतो. पाहुण्यांना वाटतं, कडक म्हणजे चांगला. पण यंत्राचं उलट असतं. पट्ट्यानं उडवलेला भुसभुशीत बर्फ आत लागतो आणि त्यानंच इंजिनाचं पाणी थंड होतं, पट्टा ज्या पट्ट्यांवर घासत जातो त्यांना ओलावाही त्याचाच मिळतो. टणक पापुद्र्यावर काहीच उडत नाही. मग बर्फातच उभं असलेलं इंजिन तापतं! जाणते चालक अशा वेळी अधूनमधून वाट सोडून कडेच्या मऊ बर्फात यंत्र घालतात, तेव्हा मागं बसलेल्या मावशी ‘‘अरे कुठं चाललास!’’ म्हणून ओरडतात. तो मस्करी करत नसतो, इंजिनाला पाणी पाजत असतो. नऊ ते अकरा हा चांगला काळ. वरचा बोटभर थर सैल झालेला, खालचा अजून घट्ट. बारानंतर सगळं बिघडतं. दुपारचा बर्फ म्हणजे चौपाटीवरचा गोळा, हातात घेतला की कोपरापर्यंत पाणी. पट्टा रुततो, स्की सरकत नाहीत, चालकाला जोर काढावा लागतो आणि बेल्ट तुटतात. उंचीवर हवा विरळ असल्यानं इंजिनाची ताकदही घटलेली असते. साध्या इंजिनात दर हजार फुटांमागं सुमारे तीन टक्के, म्हणजे कोंगडोरीला जवळपास तीस टक्के. संध्याकाळी यंत्र ओल्या बर्फावर तसंच सोडलं तर सकाळी पट्टा जमिनीला चिकटून बसतो, म्हणून जाताना खाली फळ्या सरकवायच्या.

हे सगळं मला शिकवलं एका वयस्क चालकानं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. सहलींच्या हंगामाआधी मार्चअखेर हॉटेलं, गाड्या, रस्ते बघायला आम्हाला पाठवतात. अशाच एका खेपेला पश्चिमेकडून वादळ आलं आणि दोन रात्री बर्फ पडला. गुलमर्गच्या खालच्या टनमर्गच्या वर गाड्यांच्या चाकांना साखळ्या लावल्याशिवाय सोडत नव्हते. तिसऱ्या दिवशी आकाश निळंशार, आणि जुन्या कडक थरावर मांडीपर्यंत ताजा बर्फ. बर्फाचा हंगाम संपत आलेला असताना असा खोल बर्फ मिळणं ही चैन आहे, आणि धोक्याचीही तीच वेळ. गुलमर्गच्या वर, खिलनमर्गच्या बाजूला कुणा चालकाचं यंत्र रुतलं होतं, ते काढायला चाचा निघाले. मी येते म्हटलं. त्यांनी आधी माझे बूट बघितले, मग मान हलवली.

दाबलेल्या वाटेवरून मी आधी चालवलं होतं. वाट सुटली आणि सगळे नियम उलटले. वाटेवर भीती वाटली की वेग कमी करायचा, इथं वेग कमी केला की यंत्र बुडतं. पट्टा सतत फिरता राहिला तर खालचा बर्फ दाबला जातो आणि यंत्र त्यावर तरंगतं. थांबला की आपल्याच वजनानं खाली जातं. आणि घाबरून एकदम अंगठा दाबला तर पट्टा जागच्या जागी खड्डा खणतो, मागचा भाग आत आणि स्की वर. ‘‘रुकना नहीं, मॅडम, और भागना भी नहीं,’’ चाचा पुढून ओरडत होते. बसून चालत नाही. पायफळ्यांवर उभं राहायचं, गुडघे सैल, उतारावर आडवं जाताना सगळं अंग डोंगराच्या बाजूला झुकवायचं. नुसतं हँडल वळवून यंत्र वळत नाही. ताज्या बर्फाखालच्या कडक थराला स्की लागल्या की ते आडवं घसरायला लागतं, आणि ते पायांना आधी कळतं. थांबायचं झालं तर तोंड उताराकडं करूनच. चढावर थांबलेलं यंत्र पुन्हा निघत नाही.

रुतलेलं यंत्र एका खळग्यात मागच्या अंगानं पूर्ण आत गेलं होतं. त्याचा तरुण मालक पुन्हा पुन्हा इंजिन पेटवून खड्डा आणखी खोल करत होता. चाचांनी आपलं यंत्र लांब, कडक जागी उभं केलं, दोन यंत्रं रुतली तर काढणार कोण? मग त्यांनी बंद कर म्हणून हात केला. खाली उतरलो तर मी कंबरेपर्यंत आत. आधी पट्ट्यासमोरचा बर्फ पायांनी तुडवून उताराच्या दिशेनं वाट तयार करायची. फावड्यानं पट्ट्याच्या बाजूचा बर्फ मोकळा करायचा. मग यंत्र कुशीवर लोटायचं, खालचा खड्डा बर्फानं भरून तुडवायचा आणि ते पुन्हा सरळ करायचं. दोघांनी एकेक स्की पकडून खाली ओढायची आणि तिसऱ्यानं अंगठा हळूच, अगदी हळूच दाबायचा. लालबागला विसर्जनाच्या ट्रॉलीची चाकं खड्ड्यात बसली की चाळीस जण एकदम जोर लावतात, तसा जोर इथं कामाचा नाही. जोरानं ते रुतलंच होतं. तासाभरानं निघालं. माझे हातमोजे भिजून गोठले होते आणि मला फार आनंद झाला होता, तो लपवण्यात काही अर्थ नाही.

परतताना चाचांनी एके ठिकाणी इंजिन बंद केलं आणि नुसते ऐकत उभे राहिले. मार्चअखेरीस ओढे बर्फाखालून वाहायला लागलेले असतात. वरून पांढरी चादर अखंड, आत पोकळी. किंचित खचलेला, करडा पडलेला पट्टा दिसला आणि खालून पाण्याचा आवाज आला की तिथून जायचं नाही. इंजिन चालू असताना तो आवाज येत नाही. देवदार-फरच्या बुंध्यांभोवतीही असेच झाकलेले खड्डे असतात. मोठ्या उघड्या उताराकडं तर त्यांनी बोटानंही वाट दाखवली नाही. जुन्या कडक थरावर पडलेला ताजा बर्फ त्याला नीट धरून नसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असेल, वर ऊन तापलं असेल आणि त्यावर माणसाचं किंवा यंत्राचं वजन पडलं, तर सगळा थर एकदम सुटतो. ८ फेब्रुवारी २०१० ला याच खिलनमर्गात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमकडा कोसळला आणि १७ जवान गेले. ती बर्फात राहण्याचंच शिक्षण घेणारी माणसं होती. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवतला दोन पोलिश स्कीपटू गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. एप्रिलमध्ये कडे सुटतात ते दुपारी, ओले, जड, सिमेंटच्या चिखलासारखे. म्हणूनही बारा वाजले की मी गट आवरते.

याबाबत आमच्या मंडळींत एक समज पक्का आहे: ओरडलं की हिमकडा कोसळतो. गंडोला सुटताना लालबागचा गट ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणतोच म्हणतो, आणि कुणी तरी सिनेमा पाहिलेला त्यांना गप्प करतो. माणसाच्या आवाजानं कडा सुटत नाही, वजनानं सुटतो. तेव्हा मोरया खुशाल म्हणा. दोरी ओलांडून फोटो काढायला मात्र जाऊ नका. गप्प राहून गेलात तरी वजन तेवढंच.

गिरगावच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी स्नो-स्कूटरवर बसून चालकाची मुलाखतच घेतली. मुलं कितवीत, शाळा केव्हा असते, सुट्टी केव्हा. तिकडच्या मुलांची लांब सुट्टी डिसेंबर ते फेब्रुवारी असते, भर बर्फात. बाई उतरल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘बघ, शाळेनं ह्यांना बर्फ दिला आणि आपल्याला ऊन.’’ मग चिवड्याची पुडी सोडली आणि त्या चालकाला लालबागच्या चिवडा गल्लीचा पत्ता समजावून सांगितला.

अलीकडं बर्फाचंच वेळापत्रक बिघडलं आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं. चिल्लई कलान संपत आला तरी पठार तपकिरी, यंत्रं ताडपत्रीखाली. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. पाहुणे म्हणतात, बरंच झालं की, बर्फ आपल्या सुट्टीकडं सरकतोय! तसं होत नाही. थंडीच्या भरात पडलेला बर्फ दाबला जातो, एकजीव होतो, टिकतो. मार्च-एप्रिलचा ओला, जड पडतो आणि तितक्याच लवकर वाहून जातो. आम्हाला मिळतो तो आधीच थोडा होता, आता आणखी बेभरवशाचा.

त्याच २०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला, मारले गेलेल्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. सहलींचं आरक्षण धडाधड रद्द झालं. मी तेव्हा घरी होते, फोन घेत होते. त्यातला एक फोन चाचांचा होता. तुमचे सगळे सुखरूप पोचले का, एवढंच विचारलं.

आता लोक पुन्हा विचारायला लागले आहेत, तर माझं म्हणणं सरळ सांगते. मुलं लहान असतील, पाचवीच्या आतली, तर फेब्रुवारीत आठवडाभर शाळा बुडवा आणि जा. त्या वयातली युनिट टेस्ट पुढं कुणी विचारत नाही. एप्रिलमध्येच जमणार असेल तर गंडोलाचं तिकीट मुंबईतूनच ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. टनमर्गला गमबूट भाड्यानं घेताना एक माप मोठे घ्या, आत दोन मोजे बसले पाहिजेत. स्नो-स्कूटरचा दर आणि अंतर बसायच्या आधी ठरवा. चालकाच्या जॅकेटला दोरी आहे का बघा. आणि बारानंतर त्यानं यंत्र परत वळवलं तर ‘‘पैसे दिलेत, अजून पुढं चल’’ म्हणू नका. बर्फाची घाई त्याला कळते, आपल्याला नाही.